सातव्या तुकड्याचा दोरा

"तुमचं काम काय हो?" असं कुणी विचारलं की कात्रीताई सरळ सांगत, "माणसांच्या काळजाचे तुकडे कापते." समोरचा दचकला की त्यांना बरं वाटे.

खरं तर ते तुकडे काळजाचे क्वचितच असत. काळजातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचे असत, कधी एखाद्या झडपेचे. शस्त्रक्रियेत जो खराब भाग काढून टाकावा लागे, तो घरच्यांच्या लेखी परवानगीने, मिठाच्या पाण्यात बुडवून, बर्फाच्या पेटीतून या केंद्रात येई. ओढून बघायचं, ताणून बघायचं, फाटतो कुठे आणि किती जोराने ते मोजायचं. असली यंत्रं एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली नसतात, म्हणून पाच इस्पितळं आणि तीन महाविद्यालयं यांनी मिळून हे केंद्र थाटलं होतं. आणि सगळ्यांची वस्तू म्हटली की भांडणं आलीच. म्हणून भिंतीवर पांढरी पाटी होती, पाटीवर कुणाची पाळी कधी ते लिहिलेलं होतं, आणि पाटीचं पेन कात्रीताईंच्या ॲप्रनच्या खिशात होतं. ते दुसऱ्या कुणाच्या खिशात कधी दिसलं नाही.

बावीस वर्षांपूर्वी त्या इथे बाटल्या धुवायला लागल्या. आता त्या कापत. कात्रीताई हे नाव हातावरून पडलं की जिभेवरून, याबद्दल केंद्रात दोन मतं होती. पट्टी पाच मिलिमीटर म्हणजे पाच. सव्वापाच झाली की त्या स्वतःलाच शिव्या घालत. प्रत्येक तुकड्यातून दोन पट्ट्या निघत. एक आडवी, म्हणजे वाहिनीच्या भोवती बांगडीसारखी जाते त्या दिशेची. दुसरी उभी, रक्त वाहतं त्या दिशेची. आडवी कुठली नि उभी कुठली हे कळायला सर्जन तुकडा काढण्याआधीच डोक्याकडच्या कडेला काळ्या दोऱ्याचा एक टाका घालत. "दोरा डोक्याकडे" ही पाटी कापायच्या टेबलावर लावलेली होती. दोरा चुकला तर सगळंच चुकलं.

पट्टी यंत्राला लावली की पहिल्या दहा ओढी मोजायच्या नाहीत, अकरावीपासून मोजायचं, कारण ताजी पट्टी आधी दहा वेळा सैल-ताठ होते आणि मग एका चालीत येते. नवीन कुणी आलं की ताई म्हणत, "आधी दहा वेळा नुसती ओळख होऊ दे. पहिल्याच भेटीत कुणी खरं बोलतं का?"

आणि त्यांची एक आपली खोड होती. प्रत्येक पट्टीच्या कडेची एक बारीक चिंधी त्या छोट्या बाटलीत, औषधी पाण्यात जपून ठेवत. परवानगीच्या कागदात तेवढं बसत होतं, पण सांगितलं कुणी नव्हतं. त्यांची आई लोकांचे कपडे शिवायची आणि प्रत्येक कापडाचा एक तुकडा वहीत टाचून ठेवायची. "हे माझं कापड नव्हेच" म्हणत कुणी भांडायला आलं तर वही उघडायची. केंद्रप्रमुख दरवर्षी कुरकुरत, "ताई, कपाटं भरली तुमच्या चिंध्यांनी." ताई दरवर्षी म्हणत, "मग एक कपाट वाढवा."

तीन वर्षांपूर्वी ताईंच्या मुलाचं लग्न झालं. सून डॉक्टरेट करत होती, आणि विषय नेमका रक्तवाहिन्यांचा. वर्षभराने तिचं काम या केंद्रात यायचं ठरलं. ताईंना काय आनंद झाला! चारचौघांत कसं सांगायचं याची मनात उजळणीसुद्धा करून झाली. आणि त्याच संध्याकाळी जेवताना सून म्हणाली, "आई, एक सांगू? केंद्रात आपलं नातं कुणाला कळायला नको."

"बरं," ताई म्हणाल्या, आणि भाजीच्या पातेल्यावर झाकण असं आदळलं की मुलगा ताटावरून उडाला.

पुढे त्या मुलाला एकट्याला गाठून म्हणाल्या, "बाटल्या धुणारी सासू सांगायला लाज वाटते तुझ्या बायकोला."

"आई, तू राईचा पर्वत करतेस. कारण विचार तिला."

"मी कशाला विचारू? मला काय पडलंय!"

पण पडलं होतं, चांगलंच पडलं होतं. दोन वर्षं ते त्यांच्या घशात अडकून राहिलं. केंद्रात त्या सुनेला "मॅडम" म्हणत, तेही असं ठासून की बाकीच्या मॅडमना हेवा वाटावा. सून त्यांना "ताई" म्हणे. दोघींच्या डब्यात एकच भाजी, म्हणून जेवायच्या वेळाही वेगळ्या. एकदा सुनेने चाचरत विचारलं, "ताई, मंगळवारी थोडं आधी यंत्र मिळालं तर..." ताईंनी पेनाने पाटी दाखवली. "मॅडम, तुमच्या आधी तीन जण आहेत. वाचता येतं ना?" मुलगा घरी कपाळावर हात मारून घेई. "बाहेर ताई आणि मॅडम, घरात सासू आणि सून. मी कोण, मधला दुभाषा?"

सुनेचं काम एका आजारावर होतं. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालतो. काळजाजवळची वाहिनी फुगत जाते आणि एक दिवस फाटते. सर्जन फुगा किती मोठा झाला ते बघून शस्त्रक्रिया ठरवतात. दोन वर्षांत अशा फुगलेल्या वाहिन्यांचे बारा तुकडे आले. बाराही ताईंनीच कापले. आणि त्यातून निघालं ते भलतंच. धडधाकट वाहिनी आडव्या दिशेने जास्त मजबूत असते. हे बारा तुकडे आडव्या दिशेनेच कच्चे निघाले. हे खरं असेल तर फुगा लहान आहे म्हणून निवांत बसण्यात अर्थ नव्हता. सुनेने त्याचा आलेख काढून घरी फ्रिजच्या दारावर लावला. ठिपका जितका उंच, तितकी आडवी दिशा कच्ची. त्यात सातव्या तुकड्याचा ठिपका सगळ्यांत उंच होता. दूध काढताना ती त्या ठिपक्यावर टिचकी मारायची.

सुनेचे मार्गदर्शक प्राध्यापक कशावरच लवकर विश्वास ठेवत नसत. केंद्रात त्यांना माघारी शंकोबा म्हणत. त्यांनी आलेख पाहिला, पुन्हा पाहिला, आणि यंत्राच्या खोलीच्या दारात सहा माणसांसमोर म्हणाले, "असं होत नसतं. पट्ट्या उलट्यासुलट्या झाल्यात. आडवी ती उभी, उभी ती आडवी. कापणाऱ्या ताईंनी घोळ घातलाय. पुढच्या शुक्रवारच्या बैठकीत ठरवू, पण माझ्या मते बाराच्या बारा टाकून द्या."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, मी उलटी कापली? मी?"

"रागावू नका. पुरावा आणा."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन वर्षांचं काम आणि ताईंचं बावीस वर्षांचं नाव, दोन्ही एकाच वाक्यात गेलं होतं. ताई तडक कपाटाकडे गेल्या आणि चोवीस बाटल्या ट्रेमध्ये घेऊन बाहेर आल्या.

काचवाले काका तळमजल्यावर बसत. ऊतीचे केसाहून पातळ काप काढून, रंगवून काचेवर चढवणं हे त्यांचं काम. ताईंनी ट्रे त्यांच्यापुढे ठेवला. "काका, चोवीस चिंध्या. चोवीस काचा. शुक्रवारच्या बैठकीआधी."

"एवढ्या? काय, आभाळ कोसळलंय का?"

"कोसळलंय. माझ्याच डोक्यावर."

काकांनी मान डोलावली. युक्ती साधी होती. वाहिनीच्या भिंतीतल्या लांबट पेशी आडव्या दिशेने, बांगडीसारख्या गोल मांडलेल्या असतात. म्हणून आडव्या पट्टीच्या कापात त्यांची केंद्रकं तांदळाच्या दाण्यासारखी लांबट दिसतात, आणि उभ्या पट्टीच्या कापात मोहरीसारखी गोल. चिंधी पट्टीच्या कडेची, म्हणजे पट्टी कुठल्या दिशेने कापली ते चिंधी सांगणारच.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता काचा तयार झाल्या. ताई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या, काका बाजूला वही घेऊन. पहिला तुकडा, आडवी पट्टी. तांदूळ. उभी पट्टी, मोहरी. दुसरा, बरोबर. तिसरा, बरोबर. सहावा होईपर्यंत ताईंची मान ताठ झाली होती. "लिहा काका, लिहा. घोळ घातलाय म्हणे!"

सातवा तुकडा, आडवी पट्टी. मोहरी.

ताईंनी डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. मोहरीच. उभी पट्टी काढली. तांदूळ. त्यांनी बाटलीवरचं अक्षर पाहिलं, ते त्यांचंच होतं.

"पुढचे बघा," काका हळूच म्हणाले. आठ ते बारा सगळे बरोबर निघाले. ताईंना त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

"बाटल्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील," काका म्हणाले. "चिंधी इकडची तिकडे झाली, एवढंच. पट्टी बरोबरच असेल. असं लिहू का?"

ताईंनी सातव्याची बाटली हातात घेतली. तो तुकडा आला ती सकाळ त्यांना लख्ख आठवत होती. पेटी उघडली तेव्हा काळा दोरा टाक्यातून सुटून पेटीच्या तळाशी पडलेला होता. नियमाने नोंदवहीत "दोरा सुटलेला" असं लिहायचं, इस्पितळाला फोन करायचा, आणि उत्तर येईपर्यंत कापायचं नाही. बाहेर दोघं पाळीची वाट बघत होते. तुकडा हातात घेतला तर तो एका बाजूने आपोआप वळला. चांगली वाहिनी चिरली की ती पुन्हा गोल व्हायला बघते. कुठल्या बाजूने वळते त्यावरून आडवं-उभं कळतं. बावीस वर्षांत त्यांच्या बोटांना ते पाठ झालेलं. दोरा काय सांगणार, बोटं सांगतायत ना, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि कापून मोकळ्या झाल्या. वहीत काही लिहिलं नाही. आजारी वाहिनी उलटीही वळू शकते, हे त्या दिवशी त्यांच्या डोक्यातही आलं नाही. शुद्ध घमेंड होती ती, दुसरं काही नाही.

"नाही काका," त्या म्हणाल्या. "चिठ्ठ्या बरोबर आहेत. मी चुकले."

"ताई, हे तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला..."

"मला कळलंय ना. पुरे झालं."

काकांनी वहीत सातव्यापुढे फुली मारली. मग म्हणाले, "सुनेला काय सांगणार?"

ताई चमकल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दोन वर्षं दोघींच्या डब्यात रोज एकच भाजी. मला काय नाक नाही?"

दुपारी एक वाजता ताई मागच्या जिन्यात गेल्या. सून तिथे एकटी डबा उघडून बसली होती. ताई तिच्या शेजारी बसल्या, केंद्रात पहिल्यांदाच. सून आधी इकडेतिकडे बघायला लागली, मग ताईंचा चेहरा बघून थांबली.

"आई, काय झालं?"

ताईंनी सगळं सांगितलं. दोरा, पेटीचा तळ, वळलेला तुकडा, न लिहिलेली ओळ. सारवासारव केली नाही. "अकरा बरोबर आहेत. सातवा मी उलटा कापला. तुझा सगळ्यांत उंच ठिपका खोटा आहे, बाई. आणि माझ्यामुळे खोटा आहे."

सुनेचा घास हातातच राहिला. सातवा उलटा म्हणजे तो नुसता बाद होत नव्हता. तो तिच्या विरुद्ध जात होता.

"बरं," ती म्हणाली. डब्याला झाकण लावलं, आणि उठून निघून गेली.

तो "बरं" ताईंच्या ओळखीचा होता. त्या तिथेच बसून राहिल्या. त्यांना तिचा राग आला नाही, भीती मात्र वाटली. पोर तीन वाजता बैठकीत काय करेल? सातव्यावरून गुपचूप पुढे गेली तर? मग त्यांनीच मनाशी ठरवून टाकलं. ती बोलली नाही तर मी उठून बोलणार. घरात तिने जन्मभर तोंड फिरवलं तरी चालेल. त्या फुग्यांवर माणसं जगायची-मरायची असतात, तिथे माझी चूक झाकायची नाही.

तीन वाजता बैठकीची खोली गच्च भरली. पुढे शंकोबा हाताची घडी घालून, त्यांच्या बाजूला केंद्रप्रमुख, पलीकडे सर्जनबाई. बारापैकी नऊ तुकडे सर्जनबाईंनीच पाठवलेले होते. त्यातल्या एका रुग्णाच्या दोन भावंडांचे फुगे अजून लहान होते, म्हणून ती दोघं नुसती वाट बघत होती. ताई मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. खुर्ची कुणी दिली तरी घेतली नसती.

सून उठली. तिने पडद्यावर काकांकडून आणलेली काचांची चित्रं लावायला सुरुवात केली. चिंध्या कशा ठेवल्या जातात ते सांगितलं. पहिला तुकडा, दुसरा, तिसरा. खोलीत कुजबुज सुरू झाली. पाचवा. सहावा. मग पडद्यावर आठवा आला.

पोरीने सातवा गाळला! नववा आला, दहावा आला, अकरावा, बारावा. शंकोबांची मान हळूहळू डोलायला लागली होती. ताईंनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट पकडली, आणि घसा खाकरला. "साहेब, जरा..."

"थांबा, मी सांगते," सून म्हणाली. ती ताईंकडेच बघत होती. "सातवा मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, नीट बघता यावा म्हणून."

पडद्यावर मोहरीचे दाणे आले.

"हा सातव्या तुकड्याच्या आडव्या पट्टीचा काप," सून म्हणाली. "पट्ट्यांची अदलाबदल झालेली आहे. म्हणजे माझ्या आलेखातला सगळ्यांत उंच ठिपका चुकीचा आहे. सरळ केला तर तो माझ्या विरुद्ध जातो. मी तो काढणार नाही, विरुद्धच ठेवणार आहे. बारापैकी अकरा."

शंकोबा पुढे वाकले. "ही चूक कुणी पकडली?"

"ज्यांनी कापला त्यांनीच, आज सकाळी. त्या दिवशी दोरा सुटलेला होता आणि वहीत लिहिलं गेलं नाही. त्या गप्प बसल्या असत्या तर तुम्हालाही कळलं नसतं, सर, आणि मलाही."

"तुम्ही ताईंची फारच बाजू घेताय."

"घेणारच," सून म्हणाली. "माझ्या सासूबाई आहेत त्या."

खोलीत एकदम कालवा झाला. केंद्रप्रमुखांच्या हातातलं पेन खाली पडलं. काचवाले काका मात्र दारात उभं राहून मिश्कील हसत होते.

"दोन वर्षं मी लपवलं," सून पुढे म्हणाली. "सासूच्या जिवावर यंत्र मिळतं, सासूच्या जिवावर नाव होतंय, असं कुणी म्हणू नये म्हणून. त्यांनी मला एकदाही रांग मोडू दिली नाही, विचारा कुणालाही. पण आता कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. माझे अकरा ठिपके खरे आहेत ते त्यांच्या हातामुळे, आणि सातवा खरा झाला तो त्यांच्या तोंडामुळे. मी त्यांची सून आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे."

ताईंना पुढचं काही दिसेना. डोळे भरून आले होते, आणि पदर ॲप्रनखाली अडकलेला. शेवटी त्यांनी बाहीनेच डोळे पुसले. दोन वर्षं मी या पोरीवर काय काय संशय घेतला, असं वाटून त्यांना लाज वाटली, आणि त्याच वेळी असं वाटलं की आत्ता या खोलीतल्या प्रत्येकाला हलवून सांगावं, ऐकलंत का, माझी सून आहे ती, माझी!

शंकोबांनी चष्मा काढला. "बाराच्या बारा आले असते तर मी अजून वर्षभर भांडलो असतो," ते म्हणाले. "सातवा रुग्ण कोण होता?"

सर्जनबाईंनी कागद चाळले. "अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ. घराण्यात कुणालाच हा आजार नाही. बाकी सगळे चाळिशीच्या आतले."

"मग तो वेगळा येणारच की," शंकोबा पुटपुटले. मग मागे वळून, सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाले, "ताई, घोळ घातला म्हणालो ते मी मागे घेतो."

"एक तरी घातलाच की, साहेब," ताई म्हणाल्या. "तेवढा राहू द्या माझ्या नावावर."

सर्जनबाई उठता उठता म्हणाल्या, "त्या दोन भावंडांना मी सोमवारीच बोलावते. फुगा लहान आहे, निर्धास्त राहा, असं आता मी त्यांना सांगणार नाही."

बैठक संपल्यावर ताई आपल्या टेबलाशी आल्या. नोंदवहीचं जुनं पान काढलं आणि सातव्या तुकड्यापुढे लिहिलं, "दोरा सुटलेला होता. तेव्हा लिहिलं नाही. चूक माझी." खाली आजची तारीख घातली आणि सही केली. वही मिटली तर समोर सून उभी.

"आई, गुरुवारी नवा तुकडा येतोय. यंत्र मिळेल?"

ताईंनी पाटीकडे पाहिलं. "तुझ्या आधी चार जण आहेत."

"मग पाचवी."

"पाचवी तर पाचवी. आणि दोरा मी तुझ्यासमोर तपासणार, मगच पातं लावणार."

पाटीवर प्रत्येक चौकोनात कुठलं इस्पितळ, कुठलं महाविद्यालय ते लिहिलेलं असे. ताईंनी खिशातलं पेन काढलं आणि गुरुवारच्या पाचव्या चौकोनात, ठळक अक्षरांत लिहिलं, "सूनबाई".

शंकोबा कोट चढवत तिथून चालले होते. त्यांनी पाटी वाचली आणि भुवया उंचावल्या. "ताई, हे कुठलं महाविद्यालय?"

"आमच्या घरचं," ताई म्हणाल्या, आणि पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं.